सोलापूरला संकराचा वाघ-सिंह नको, प्राण्यांची वंशनोंद हवी

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. लोकप्रतिनिधी,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या कोणत्याही आराखड्यात संकरित वन्यप्राण्यांना स्थान न देण्याबाबत व प्रत्येक प्राण्याची वंशनोंद ठेवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. सोलापुरात चांगले प्राणिसंग्रहालय असावे, ही सोलापूरकरांची इच्छा जुनी आहे. महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापासून सभागृहापर्यंत प्रत्येकाकडे एकेक सूचना तयार असते, आणि ते चांगलेच आहे. अलीकडे मात्र एक नवी सूचना वारंवार कानी पडू लागली आहे. मोबाइलवर ‘लायगर’ पाहिलेली मंडळी म्हणतात की वाघ पुण्यात आहेत, सिंह हैदराबादला आहेत. सोलापूरला असे काही आणा, की ते पाहायला पुण्या-हैदराबादच्या लोकांनी वाट वाकडी करून यावे. सिंह आणि वाघिणीचा बछडा, म्हणजेच लायगर, नाहीतर झेब्र्याचे पट्टे असलेले गाढव, असे एखादे जनावर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाहायला मिळाले तर तिकिटाची रांग पार्क चौकापर्यंत जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. हेतू शहराच्या भल्याचा आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही, सारे आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात गेलेला आणि गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचे काम स्वतःच्या हाताने केलेला एक निवृत्त पशुवैद्यक या नात्याने मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ही कल्पना आराखड्याच्या कागदावर उतरण्याआधीच तिची सर्व बाजूंनी चर्चा व्हावी, असे मला वाटते.

पहिला मुद्दा कायद्याचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती होऊन केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची तरतूद झाली आणि १९९२ मध्ये ते प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राणिसंग्रहालय मान्यता नियम, २००९ प्रमाणे कोणत्याही प्राणिसंग्रहालयाला दोन वेगळ्या जातींचाच काय, एकाच जातीच्या दोन उपजातींचाही संकर होऊ देता येत नाही. म्हणजे लायगर जन्माला घालण्याचा मार्ग मुळातच बंद आहे. पण नुसत्या नियमावर बोट ठेवून लोकांचे समाधान होत नाही. नियम का करावा लागला हे सांगावे लागते, आणि त्याची हकीकत पार आपल्या कोल्हापुरापासून सुरू होते.

बंदिवासात जन्मलेल्या विचित्र संकरांची गोष्ट निघाली की आपण अमेरिका-रशियाकडे पाहतो. प्रत्यक्षात बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकराची पहिली लेखी नोंद कोल्हापूरची आहे. १९१० साली, म्हणजे राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, तेथे एका सिंहिणीला बिबट्यापासून दोन बछडे झाले. त्यांपैकी एक अडीच महिन्यांचा होऊन दगावला. त्याचे कातडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांच्याकडे विलायतेला पाठवले आणि पोकॉक यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. तोवर दुसरा बछडा जिवंत होता. क्रिकेटपटू म्हणून जगभर गाजलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह यांनीही वाघ आणि सिंहीण यांच्यापासून झालेले एक जनावर १९२८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला भेट दिले होते. संस्थानी काळात अशा गोष्टी हौसेच्या होत्या, आणि हौसेला मोल नसते. मात्र कोल्हापूरच्या ज्या बछड्याची इतकी बारकाईने नोंद झाली, ती त्याच्या कातड्यावरून झाली, हे विसरता येत नाही.

हौसेचे रूपांतर धंद्यात कसे होते, हे जपानने दाखवले. निशिनोमिया शहरातील हानशिन पार्कमध्ये कानेओ नावाचा बिबट्या आणि सोनोको नावाची सिंहीण यांच्यापासून १९५९ मध्ये दोन आणि १९६१ मध्ये तीन बछडे झाले. अंगावर बिबट्याचे ठिपके, नरांना विरळ आयाळ, असे ते रूप पाहायला माणसांची रीघ लागली. पाचही जनावरांना पुढे संतती झाली नाही. शेवटचे १९८५ मध्ये मेले आणि प्रकरण संपले. गर्दी खेचण्याच्या हिशेबाने पाहिले तर हा प्रयोग यशस्वीच म्हणावा लागेल, आणि म्हणूनच तो मी मुद्दाम सांगत आहे. ज्यांना गर्दी हवी आहे, त्यांना गर्दी मिळते. ती संपल्यावर मागे काय उरते, ते पाहायचे असेल तर कलकत्त्याला जावे लागते.

अलीपूर प्राणिसंग्रहालयाने १९७०च्या दशकात वाघ आणि सिंहीण यांचा संकर घडवला. १९७१ मध्ये जन्मलेली रुद्राणी आणि १९७४ मध्ये जन्मलेली रंगिणी या त्यांतल्या प्रसिद्ध माद्या. रुद्राणीला पुढे देवव्रत नावाच्या आशियाई सिंहाबरोबर ठेवण्यात आले आणि तिला त्याच्यापासून सात पिल्ले झाली. म्हणजे त्या पिल्लांत तीन हिस्से सिंहाचे आणि एक हिस्सा वाघाचा. त्यांतल्या क्यूबानाकान या नराची नोंद प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आजही आढळते : वजन किमान ३६३ किलो, खांद्यापाशी उंची १.३२ मीटर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी साडेतीन मीटर. तो १९९१ मध्ये मेला, रंगिणी १९९९ मध्ये गेली, आणि त्याबरोबर अलीपूरचे हे पर्व संपले. दरम्यान या पिल्लांपैकी अनेक अकाली दगावली होती आणि १९८५ मध्येच केंद्र सरकारने असे संकर थांबवण्याचा निर्णय घेतला होता. एखाद्या उत्साही संचालकाने केलेली ही चूक होती, असे म्हणून मला हे प्रकरण निकालात काढायचे नाही. त्या काळी जगभरची नामांकित प्राणिसंग्रहालये हेच करीत होती. परंतु दोन-तीन दशके पिंजरे, मांस, औषधे आणि कर्मचाऱ्यांचा वेळ ज्या जनावरांवर खर्च झाला, त्यांचा ना सुंदरबनच्या वाघाला उपयोग झाला, ना गीरच्या सिंहाला. ती कोणत्याच जंगलाची नव्हती. त्यांना सोडायचे म्हटले तरी सोडणार कुठे?

लायगर इतका प्रचंड का होतो, हे लोक नेहमी विचारतात, आणि त्याचे उत्तर मोठे रंजक आहे. अमेरिकेतील हर्क्युलिस नावाच्या लायगरचे वजन ४१८ किलो भरले आणि तो विक्रमांच्या नोंदीत गेला. सर्वसाधारण नर वाघ किंवा सिंह याच्या निम्म्यापाशीच थांबतो. सिंहांच्या कळपात एका मादीचा अनेक नरांशी संबंध येऊ शकतो. त्यामुळे आपले पिल्लू इतरांपेक्षा जोमाने वाढावे यासाठी नराकडून येणारी काही जनुके वाढीला जोर देतात, आणि मादीकडून येणारी जनुके त्या जोराला लगाम घालतात, असे स्पष्टीकरण बहुतेक शास्त्रज्ञ देतात. एकट्याने राहणाऱ्या वाघिणीच्या जनुकांत हा लगाम तितका घट्ट नसतो. बाप सिंह आणि आई वाघीण असली की जोर राहतो, लगाम सुटतो, आणि जनावर वाढतच जाते. उलट बाप वाघ आणि आई सिंहीण असेल तर पिल्लू आईबापांहून मोठे होत नाही. म्हणजे ज्याला आपण ताकद समजून टाळ्या वाजवतो, तो वाढीवरचा ताबा सुटल्याचा परिणाम असतो, आणि त्याचा भार पहिल्यांदा पडतो तो त्या वाघिणीवर. गाईला तिच्या बांध्याला न झेपणाऱ्या मोठ्या वळूचे रेतन केले आणि वासरू अडकले की काय होते, ते पशुपालकांना वेगळे सांगायला नको. रात्री-अपरात्री गोठ्यात कंदिलाच्या उजेडात, खांद्यापर्यंत हात साबणाने भिजवून अडलेले वासरू फिरवण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला मोठ्या पिल्लाचे कौतुक जरा कमीच वाटते.

संततीच्या बाबतीत एक जुना नियम आहे. १९२२ मध्ये ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी असे दाखवून दिले की दोन जातींच्या संकरात एखादे लिंग दुर्मिळ किंवा वांझ असेल, तर ज्याची लिंगगुणसूत्रे दोन वेगवेगळ्या प्रकारची असतात तेच ते लिंग असते. सस्तन प्राण्यांत अर्थातच नर. हे हॉल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. त्यांचा नियम लायगरला तंतोतंत लागू पडतो : नर वांझ, मादी कधीकधी फळणारी. वाघ-सिंहांच्या गुणसूत्रांची संख्या सारखीच, ३८ आहे. तरीही नराचे बीज तयार होत नाही. आपल्या ओळखीच्या खेचराचे गणित तर याहून सोपे आहे. घोड्याची ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि विषम संख्येची जोडी लागत नाही. अकलूजच्या घोडेबाजारात जातिवंत घोड्यांची बोली लाखांत जाते आणि खेचराकडे कोणी वळून पाहत नाही, पण खेचर निदान ओझे वाहते, डोंगर चढते, सैन्याच्या कामी येते. लायगर यांतले काहीच करीत नाही.

असे संकर जन्मतःच दुबळे असतात, असे सरसकट मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. हवाईतील सी लाइफ पार्कमध्ये १९८५ साली जन्मलेली केकाइमालू ही बाटलीनाक डॉल्फिन आणि फॉल्स किलर व्हेल यांची मुलगी. आईच्या जातीला साधारण ८८ दात, बापाच्या जातीला ४४, आणि हिला बरोबर मधले, ६६. ती चांगली वाढली आणि तिला पिल्लेही झाली. दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातील मोटी आहे. जम्बोलिनो हा आफ्रिकी हत्ती आणि शेबा ही आशियाई हत्तीण एकत्र ठेवली होती, त्यांच्यापासून काही होणार नाही अशा समजुतीने. ११ जुलै १९७८ रोजी शेबा वेळेआधीच व्याली. पिल्लाचे कान मोठे, पाय लांब आणि सडपातळ, हे बापाचे. सोंडेच्या टोकाला एकच बोट, हे आईचे. आतड्याच्या आजाराने आणि रक्तातील जंतुसंसर्गाने ते दहाव्या दिवशी मेले. आफ्रिकी आणि आशियाई हत्तींचा हा आजवरचा एकमेव नोंदलेला संकर लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलेला आहे. हंगेरीत तर २०२० मध्ये प्रयोगशाळेत याहून अजब प्रकार उघडकीस आला : रशियन स्टर्जन माशाच्या अंड्यांवर अमेरिकन पॅडलफिशचे वीर्य वापरले होते ते संकरासाठी नव्हेच, आणि तरी पिल्ले निघाली, ज्यांचे पूर्वज १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्या दोन माशांची.

चेस्टरचे हत्ती आणि हंगेरीतले मासे, या दोन्ही घटनांमध्ये प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे काही असेल तर ते हेच, की संकर घडावा असे कोणालाच वाटत नव्हते. माणसाने दोन जनावरे शेजारी आणून ठेवली आणि पुढचे आपोआप झाले. सोलापूरसारख्या शहरातील संग्रहालयाला खरी भीती लायगरची नाही, या निष्काळजीपणाची आहे. जागा कमी म्हणून चितळ आणि उत्तरेकडचे बुटके पाढा हरीण एका कुंपणात सोडले की त्यांची पाडसे मिश्र निघतात. निळा-पिवळा मकाव आणि लाल मकाव एका जाळीत ठेवले की त्यांचीही मिश्र पिल्ले होतात आणि ती सुंदर दिसतात, म्हणून कोणी हरकतही घेत नाही. मदाऱ्याकडून सोडवलेले उत्तरेतले ऱ्हीसस माकड आपल्याकडच्या टोपीवाल्या माकडांच्या पिंजऱ्यात टाकले तरी तेच. नोंदवहीत मात्र ‘हरीण’, ‘पोपट’, ‘माकड’ एवढेच लिहिलेले असते.

अशा ढिलाईची सर्वांत मोठी किंमत आपल्या देशात मोजली गेली ती सिंहांच्या बाबतीत, आणि ते प्रकरण मला आपल्यापुढे विस्ताराने मांडायचे आहे. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात १९८०च्या दशकात आशियाई सिंह आणि सर्कशींकडून आलेले आफ्रिकी वंशाचे सिंह एकत्र आले. दिसायला सिंह तो सिंह. पोटाखालची कातड्याची घडी आणि आयाळीची दाटी पाहून ओळखणारी नजर प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. पिल्ले होत गेली, त्यांची पिल्ले झाली, आणि एका वेळी तेथील सिंहांची संख्या सत्तरच्या पुढे गेली. छतबीरची शान म्हणून हे सिंह दाखवले जात होते. मग आजार सुरू झाले. रोगप्रतिकारशक्ती खालावलेली, मागचे पाय ओढत चालणारी, साध्या जखमा भरून न येणारी जनावरे पिंजऱ्यांत दिसू लागली. अखेर २०००च्या सुमारास केंद्रीय प्राधिकरणाने तेथील प्रजनन थांबवले, नरांची नसबंदी करण्यात आली, आणि या सिंहांनी आपापल्या पिंजऱ्यात म्हातारे होऊन मरावे, एवढीच व्यवस्था उरली. त्यांना मारायचे नाही, वाढवायचे नाही, जंगलात सोडायचे नाही, दुसऱ्या संग्रहालयाला द्यायचे नाही. वर्षानुवर्षे मांसाचा खर्च मात्र चालूच.

अमेरिकेतही असेच घडले होते. तेथील संग्रहालयांनी आशियाई सिंह वाचवण्यासाठी मोठा समन्वित कार्यक्रम चालवला होता. १९८७ मध्ये जनुकीय तपासणी झाली तेव्हा उघड झाले की ज्या पाच सिंहांपासून हा सगळा वंश वाढला, त्यांतले दोन आफ्रिकी रक्ताचे होते, आणि नेमकी तीच जोडी भरपूर पिल्ले देणारी होती. कार्यक्रम गुंडाळावा लागला. अलीकडच्या वर्गीकरणात गीरचा सिंह आणि पश्चिम-उत्तर आफ्रिकेतले सिंह एकाच उपजातीत धरले जातात, हे मला माहीत आहे. पण त्याने गीरच्या सिंहाचे वेगळेपण कमी होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूठभर उरलेल्या जनावरांपासून पुन्हा वाढलेला तो वंश आहे, त्यात बाहेरचे रक्त कोणाच्या तरी निष्काळजीपणाने मिसळावे, हे कोणत्याच वर्गीकरणात बसत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या जिल्ह्यातूनच येईल. खिल्लार गाईला जर्सी किंवा होल्स्टीनचे रेतन करून आपण दूध वाढवले, सहकारी दूध संघ उभे राहिले, घरे चालली. मग संकराला नावे का ठेवता, असे कोणी विचारले तर ते रास्त आहे. मी स्वतः हे काम आयुष्यभर केले आणि मला त्याची लाज नाही. मात्र त्या संकराला हेतू होता, मर्यादा होती आणि नोंद होती. वशिंडाची गाय आणि बिनवशिंडाची गाय यांची गुणसूत्रे सारखीच ६० आहेत आणि त्यांची संतती फळते. तरीही विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, असे धोरणच आहे, कारण त्यापुढे जनावर आपले ऊन आणि आपली गोचीड सोसत नाही. तोट्याची बाजूही आम्ही पाहिली : संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते, मानेवर जू नीट बसत नाही, म्हणून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. या गोऱ्ह्यांचे काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर आजही कोणाकडे नाही. आणि एवढे सगळे करताना रेतमात्रेच्या प्रत्येक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, वहीत तारीख असते. मोहोळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या कालवडीचा बाप कोण, हे कागदावरून सांगता येते. संग्रहालयातल्या सिंहाबद्दल तेवढेही सांगता येत नसेल तर ती शरमेची बाब होईल.

आता आपल्या अगदी दाराशी असलेली गोष्ट. शहरापासून थोड्याच अंतरावर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली घोषित झालेले. माळढोक आता क्वचितच दृष्टीस पडतो, पण काळवीट आहेत आणि लांडगे आहेत. संपूर्ण देशात लांडग्यांची संख्या सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. त्यातच पुणे जिल्ह्यातील माळरानावर वेगळ्याच पिवळसर रंगाचे जे लांडगे दिसत होते, ते कुत्रा आणि लांडगा यांचे संकर असल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. आपल्या माळावर असे घडत नसेल, असे समजण्याचे काही कारण नाही.

नोकरीत असताना आंत्रविषाराची लस टोचायला मी बीबी दारफळच्या बाजूला एका धनगराच्या वाड्यावर गेलो होतो. शेतात मेंढरे बसवलेली होती. वाघरीच्या खुंटाला एक पिल्लू बांधलेले होते. पाय अंगाच्या मानाने लांब, छाती अरुंद, डोळे पिवळट, आणि अनोळखी माणूस जवळ गेला तरी आवाज नाही. म्हातारा धनगर म्हणाला, “सायेब, ह्याची आई आमचीच कुत्री. बा लांडगा हाय. कुत्र्यावानी भुकत न्हाई, नुस्तं बघत बसतंय.” मी विचारले, “मग ठेवलंत कशाला?” त्यावर तो हसून म्हणाला, “मेंढराकडं बघतंय का चोराकडं, त्ये कळंस्तवर ठिवायचं.” नुसत्या नजरेने त्या पिल्लाचा बाप ठरवणे मला काय, कोणालाच शक्य नव्हते, त्यासाठी रक्ताची किंवा केसांची तपासणी लागते. परंतु म्हाताऱ्याच्या उत्तरात अशा जनावराची सगळी अडचण आली होती. ते राखणीलाही भरवशाचे नाही आणि माळावरही त्याचे घर नाही. असे एखादे पिल्लू उद्या जखमी अवस्थेत सापडले आणि ‘लांडगा’ म्हणून आपल्या संग्रहालयात दाखल झाले, तेथे खऱ्या लांडगीबरोबर ठेवले गेले, तर छतबीरचीच कथा छोट्या प्रमाणावर सोलापुरात घडेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे. संग्रहालयाचा जो काही आराखडा होईल आणि त्याच्या ज्या निविदा निघतील, त्यांत संकरित वन्यप्राणी स्वीकारला जाणार नाही, ही अट स्पष्ट शब्दांत छापावी. देणगी म्हणून, सुटका केलेला म्हणून किंवा अन्य संग्रहालयाशी अदलाबदलीत आला तरीही. सुटका केलेल्या अशा जनावराला आसरा द्यायचाच असेल, तर तो प्रदर्शनापासून वेगळ्या जागेत आणि नसबंदी करून द्यावा. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या कातडीखाली ओळखचिप बसवावी, आणि नोंदवहीत तो कोठून आला, आईबाप कोण, राष्ट्रीय वंशपुस्तिकेत त्याचा क्रमांक काय, हे लिहावे. ज्याचे आईबाप माहीत नाहीत, त्याच्यापासून पिल्ले घेऊ नयेत. लांडगा, माकड आणि सिंह यांच्या बाबतीत दाखल करतानाच जनुकीय तपासणीसाठी नमुना पाठवावा. अशी तपासणी करणारी हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आपल्याला जवळची आहे. हरणांच्या कुंपणाचा आणि पक्ष्यांच्या जाळीचा नकाशा करताना कोण कोणाशेजारी राहणार, याची यादी स्थापत्य अभियंत्याने एकट्याने ठरवू नये. पिंजऱ्यांचे आकार ठरवताना पशुवैद्यकाला विचारतात, शेजार ठरवताना सहसा विचारत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पांढऱ्या वाघाचीही मागणी होईल. तो संकर नाही, हे खरे. पण बंदिवासातले पांढरे वाघ बहुतांशी १९५१ मध्ये रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एकाच बछड्यापासून, रक्ताच्या नात्यातच जोड्या लावून वाढवलेले आहेत. त्यामुळे त्यालाही हीच वंशनोंदीची चाळणी लावावी, एवढेच म्हणतो.

आणि लोक काय पाहायला येतील, या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे, कारण तिकिटाचा विचार मी हलका समजत नाही. मोकळे, गवताळ, खडकाळ आवार करून त्यात आपल्याच जिल्ह्याचा लांडगा आणि शेजारच्या आवारात काळवीट नीट ठेवले, तर पुण्या-मुंबईच्या मुलांना ते दुसरीकडे इतके जवळून पाहायला मिळणार नाही. त्याच्या बाजूला एक दालन या संकरांच्या इतिहासाचे असावे. कोल्हापूरचे दोन बछडे, अलीपूरचा क्यूबानाकान, चेस्टरची मोटी, छतबीरचे सिंह, आणि शेजारी खेचराच्या व वाघ-सिंहांच्या गुणसूत्रांची चित्रे, असे सगळे मराठीत आणि कन्नडमध्येही मांडता येईल. आपल्याकडे अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातून येणाऱ्या मुलांची घरची भाषा कन्नड असते, हे अशा फलकांच्या वेळी हमखास विसरले जाते. लायगरचे हुबेहूब आकाराचे चित्र भिंतीवर काढून त्याच्याशेजारी उंची मोजायची पट्टी ठेवली, तर गड्ड्याच्या दिवसांत मुले तेथेही रांग लावतील, आणि कोणत्याही वाघिणीला त्यासाठी अडून राहावे लागणार नाही.

वर म्हटलेल्या नोंदवहीचा नमुना मी रकाने आखून मराठीत तयार केला आहे. पशुधनाच्या नोंदी ठेवण्याची सवय असलेले माझ्यासारखे काही निवृत्त सहकारी पहिले वर्षभर ही वही लिहायला आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला विनामोबदला यायला तयार आहेत. नमुन्याची प्रत या पत्राबरोबर आवक विभागात देत आहे. तिच्यात काय वाढवायचे, काय गाळायचे, ते आपल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहून कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
सोलापूर.